कंगवा-जेलीची अंडी, पार्ल्याचा ओटा : प्रकल्प नोंदी

ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. भ्रूणविकास म्हटला की फळ्यावर दरवर्षी तोच बेडूक. यंदा ठरवलं की टेनोफोर, म्हणजे कंगवा-जेली, हिचं अंडं पहिल्या चिरेपासून, म्हणजे एका पेशीच्या दोन होतात तिथपासून, डोळ्यांनी बघायचं, तेही घरी आणि कॉलेजातून बाद झालेल्या एकनळी मायक्रोस्कोपवर. बाकी सगळ्या प्राण्यांपासून सर्वांत आधी फुटलेली फांदी कोणती, यासाठी स्पंज आणि टेनोफोर असे दोनच दावेदार उरलेत. २०२३ साली गुणसूत्रांवरची जनुकांची मांडणी तपासून आलेला निकाल टेनोफोरच्या बाजूने होता. वाद अजून मिटलेला नाही, पण अशा प्राण्याचं अंडं वर्सोव्यापासून दोन-तीन किलोमीटरवर तरंगत असताना आपण बेडूकच काढत बसायचं?

प्रवाळ का नाही, असं दोघांनी विचारलं. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांना हात लावायचा नाही. कोस्टल रोडसाठी २०२० साली हाजी अली आणि वरळीचे प्रवाळ हलवले तेही रीतसर परवानगी काढूनच.

नोंदी वहीत होत्या तशाच उतरवल्या आहेत, चुकांसकट.

१ डिसेंबर २०२४, रविवार, अमावास्या

पहिला दिवस वाया. वर्सोवा कोळीवाड्यातले एक नाखवा ओळखीचे, त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. त्यांना सांगून ठेवलं होतं की डोलीत, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवतात त्या पिशवीसारख्या जाळ्यात, जेली आली तर बाजूला काढा. पहाटे होडी लागली, टोपलीत बोंबील, जवळा आणि खाली दोन बोटं जाडीचा पारदर्शक चिखल. त्यात बोटं घालून शोधत बसले. एक आख्खा प्राणी मिळाला नाही.

नाखवा म्हणाले, "पानीच तं हाय ह्ये, बाय." खरं आहे. उधाणाच्या प्रवाहात डोलीचं तोंड तासन्‌तास उघडं असतं, बोंबलाच्या भाराखाली जेली काय टिकणार? अमावास्येचा दिवस निवडला हा माझा अडाणीपणा. उधाणात पाणी जोरात पळतं आणि तळाचा गाळही वर येतो. आपल्याला हवा भांग, म्हणजे अष्टमीच्या आगेमागची कमी जोराची भरती-ओहोटी. शिवाय भांगात डोलीला फारसं काम नसतं, त्यामुळे नाखवाही मोकळे. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि मी ते आधी विचारलं नव्हतं.

खर्च : रिक्षा, चहा आणि अर्धा किलो बोंबील.

३ व ४ डिसेंबर

जाळं शिवलं. स्क्रीन प्रिंटिंगवाले वापरतात तो नायलॉनचा कपडा दीड मीटर, ६७५ रुपये. तोंडाला जुन्या भरतकामाच्या चौकटीची मोठी रिंग. शेपटाला नेहमी जाळीचीच पिशवी किंवा छोटी बाटली लावतात. मी दोन लिटरची रुंद तोंडाची प्लास्टिक बरणी लावली, तिला एकही भोक नाही. आत पाणी साचून राहतं आणि प्राणी जाळीवर न चिरडता त्या पाण्यात येऊन थांबतो. अख्ख्या प्रकल्पात पहिल्या फटक्यात जमलेली ही एकच गोष्ट.

शिवण मशीनवर जमत नाही. कपडा सरकतो, सुई मोडते. दोन सुया मोडल्यावर हातशिलाई केली. साडेचार तास.

८ डिसेंबर, रविवार

काल चंपाषष्ठी, घरी वांग्याचं भरीत झालं. आज भांग. सकाळी साडेसहाला निघालो, नाखवांना डिझेलचे ६०० दिले. किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ, म्हणून बरंच बाहेर गेलो. इंजिन बंद करून होडी प्रवाहाबरोबर सोडली आणि जाळं दोन-दोन मिनिटंच पाण्यात ठेवलं. पहिल्या खेपेला हावरटपणाने दहा मिनिटं ठेवलं होतं, बरणीत पुन्हा तोच चिखल. दोन मिनिटांच्या वर जाऊ नका.

चौथ्या खेपेला पाच गोटीएवढे गोळे. दोन लांब शेपट्यांसारखे स्पर्शक, अंगावर उभ्या आठ रेघा आणि त्या रेघांवरून इंद्रधनुष्य पळतंय. नाखवांना वाटलं दिवा पेटतो. दिवा नाही. कंगव्यासारखे केसांचे पट्टे हलतात, त्यांवरून प्रकाश फुटतो, अंधारात नेलं की काही दिसत नाही. ठेवण प्ल्युरोब्राकिया या टेनोफोरची. जात कोणती ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. सोबत एक चपटी, गुलाबीसर, स्पर्शक नसलेली पिशवी मिळाली, ती बेरोए, हीसुद्धा टेनोफोरच. सगळे एकाच बरणीत टाकले. ही ओळ लक्षात ठेवा.

पाणी वीस लिटर, तिथलंच, कॅनमध्ये भरून आणलं. सात बंगल्यापासून पुढे रिक्षाने जितके खड्डे घेतले तितक्या वेळा बरणी मांडीवर उचलून धरली. बरणी काठोकाठ भरून, हवा न ठेवता झाकण लावलं तर पाणी हिंदकळत नाही. हे घरी पोचल्यावर सुचलं.

९ डिसेंबर

पाचाचे दोन.

बेरोएचा आहार म्हणजे दुसरे टेनोफोर. हे मी दरवर्षी वर्गात सांगते. तोंडाच्या आतल्या कडेला जाड, एकत्र गुंफलेल्या रोमांचे दात असतात, त्यांनी ती लचकाही तोडते आणि लहान सावज आख्खं गिळते. आमच्या बाईसाहेबांच्या पारदर्शक पोटात तिसरा गोळा अजून दिसत होता, कंगवे हलत होते. सासूबाई बराच वेळ बघत उभ्या होत्या, मग म्हणाल्या, "आणि तू हिला काय म्हणून आणलीस?"

उरलेले दोन वेगळ्या बरणीत हलवले आणि दुसरी घोडचूक केली : फिशटँकचा हवेचा दगड लावला. बुडबुडे त्यांच्या अंगात शिरले. दुपारपर्यंत दोघे पृष्ठभागाला चिकटून उलटे, संध्याकाळी फाटलेले. या प्राण्यांना बुडबुडे चालत नाहीत. मोठी बरणी, कमी प्राणी, थंड जागा, एवढं पुरतं.

बेरोए तेवढी मजेत. तिची अंडी मिळाली तर चैनच, असं वाटून गेलं. फ्रान्समधल्या विलफ्रांशला दानिएल कारे आणि क्रिस्तियां सार्दे यांनी १९८४ साली दाखवलं होतं की बेरोएच्या अंड्यात एकाहून जास्त शुक्राणू शिरतात आणि अंड्याचं केंद्रक एकाकडून दुसऱ्याकडे जात जात शेवटी एकाशीच जुळतं. चक्क पसंतीचा कार्यक्रम. पण आमचीने अंडी दिलीच नाहीत. तीन दिवसांनी गेली.

१४ व १५ डिसेंबर

पौर्णिमा, उधाण, समुद्रावर जायचं नाही. घरची डागडुजी केली.

(अ) पाणी. साठवलेल्या कॅनमधलं पाणी प्युरिफायरच्या ५ मायक्रॉनच्या स्पन कँडलमधून दोनदा काढलं. कँडल १४० रुपये, नवीच घ्या, आणि पहिला लिटर फेकून द्या.

(आ) क्षारता. रिफ्रॅक्टोमीटर १,६५० रुपये, सगळ्यांत महाग वस्तू. नको वाटत होता, पण उघड्या वाटीतलं ३५ वरचं पाणी ओट्यावर एका रात्रीत ३८ वर गेलेलं दिसल्यावर पैसे वसूल. आता वाटीवर दुसरी वाटी पालथी ठेवते.

(इ) भांडी. काचेचीच आणि साबण न लागलेली. नव्या वाट्या आणल्या, तर ह्यांनी मदत म्हणून त्या लिक्विड सोपने घासून ठेवल्या. गरम पाण्याने सात-आठ वेळा धुऊन दोन दिवस समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवल्या. लोणच्याची बरणी मात्र बादच केली, तेलाचा वास कशानेही जात नाही.

(ई) दिवा. मायक्रोस्कोपचा हॅलोजन वीस मिनिटांत वाटीतलं पाणी २६ वरून ३३ अंशांवर नेतो. हे आधी मोजलं म्हणून वाचले. लोहार चाळीतून एलईडीची छोटी पट्टी आणून खाली चिकटवली, ९० रुपये.

(उ) प्राणी उचलायला ड्रॉपर नाही. आमटीची पळी.

२२ डिसेंबर, रविवार

पुन्हा भांग. सात गोळे, बेरोए दिसली ती पाण्यातच सोडली. तीन-तीन आणि एक असे वाटले. टेनोफोर उभयलिंगी असतात, तरी एकट्याच्या भरवशावर राहावंसं वाटलं नाही.

अंडी सोडायला प्रकाश-अंधाराचा इशारा लागतो. संध्याकाळी सातला टॉवेल टाकून बाल्कनीत ठेवले आणि नऊला मागच्या हॉलमध्ये लग्नाची रोषणाई सुरू झाली. निळा, लाल, हिरवा, टॉवेलमधून आरपार. बरण्या उचलून बेडरूमच्या कपाटात, साड्यांच्या खाली. पाणी सांडलं तर काय होईल याचा विचार मी केला नाही, सासूबाईंनी केला आणि बोलूनही दाखवला.

२३ डिसेंबर, सोमवार. सुट्टी सुरू

टॉर्चला लाल जिलेटिन लावून दर तासाने बघत होते. १, २, ३ वाजता काही नाही. चारला डोळा लागला.

पहाटे ४.५०. तळाशी धुळीसारखे कण. पळीने तीन वाट्यांत घेतले. गोल, काचेसारखे, भोवती सैल पडदा. मोजपट्टीच्या आयपीसने अंडं साधारण ०.१५ मिमी.

५.३८. पहिली चीर. याचीच वाट बघत होते. बेडकाच्या अंड्यावर खाच वरून सुरू होऊन भोवती फिरते, समुद्री साळिंदराच्या (सी अर्चिनच्या) अंड्यावर चारही बाजूंनी आवळते. इथे तसं काहीच नाही. एका टोकाला खळी पडली आणि ती आत आत कापत गेली, खरवसाच्या वडीत एकाच बाजूने सुरी घालावी तशी. अंडं मध्येच पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं झालं. पूर्ण दोन भाग व्हायला सहा मिनिटं लागली.

५.५६ ला चार. ६.१३ ला आठ. हे आठ गोल रचलेले नाहीत. चार मधले, चार टोकाचे, अशी वाकडी होडी. त्यानंतर खळी पडली होती त्याच्या विरुद्ध बाजूला छोट्या पेशी सुटायला लागल्या, मोठ्यांच्या डोक्यावर मोती ठेवावेत तशा. यांतल्या टोकाच्या पेशींपासून निघालेल्या काही मोत्यांकडे पुढे कंगव्यांचं काम असतं.

पुस्तकात वाचताना जी गोष्ट डोक्यात शिरली नव्हती ती इथे शिरली. पहिली चीर जिथून निघते ती टेनोफोरची तोंडाची बाजू होते. जेलीफिश आणि समुद्रफुलांच्या (सी अ‍ॅनिमोनच्या) गटातही तसंच. आपल्या बाजूच्या, म्हणजे डावं-उजवं असणाऱ्या प्राण्यांत आतडं आत वळायला सुरुवात होते ती साधारणपणे अंड्याच्या विरुद्ध टोकाला. ज्या टोकाला इथे तोंड होतं, तिथे आपल्यात होत नाही. केव्हातरी कोट्यवधी वर्षांपूर्वी ही अदलाबदल झाली. कशी, यावर भांडणं आहेत. मी वाटी फिरवून फिरवून खळीची बाजू आणि मोत्यांची बाजू वेगळी आहे एवढं सात अंड्यांत तपासलं. सातही जुळली.

६.४० नंतर मोजणं सोडून दिलं. दर सतरा-अठरा मिनिटांनी विभागणी होते, मोजेपर्यंत पुढची सुरू. चहा करायला गेले तेवढ्यात १६ चे ३२ हुकले. हे भ्रूण कुणासाठी थांबत नाहीत. दोन माणसं पाहिजेत, एक बघायला आणि एक लिहायला.

९.३०. लहान पेशी चादरीसारख्या मोठ्यांवरून खाली ओढल्या जाताहेत.

दुपारी ३. पहिला कंगवा फडफडला. भ्रूण पडद्यातल्या पडद्यात हळूहळू फिरतोय. ह्यांना ऑफिसात फोन केला. मीटिंगमध्ये होते.

तीनपैकी एक वाटी पूर्ण मेली, अंडी ढगाळ झाली. साबणाच्या घोळातली तीच वाटी.

२४ डिसेंबर

सकाळी आठला साठेक डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेली पिल्लं, पडदा फोडून बाहेर. म्हणजे सुमारे सत्तावीस तास. मोठ्या प्राण्याचीच ठिपक्याएवढी नक्कल. आठ रांगा, पण एकेका रांगेत मोजकेच कंगवे, आणि डोक्यावर तोल सांभाळणारा चमकता खडा. समुद्रफुलाच्या डिंभासारखी वेगळी अवस्था, मग रूपांतर, हा प्रकार नाही.

खायला आर्टेमिया, म्हणजे माशांना देतात तो बारीक कोळंबीसारखा जीव, दिला, कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारातली पुडी, २८० रुपये. ताजा फुटलेला आर्टेमियासुद्धा डिंभापेक्षा दुपटीहून मोठा. स्पर्शकाला चिकटला आणि पाय मारून स्पर्शकच तोडून घेऊन गेला. रात्रीपर्यंत निम्मे डिंभ जायबंदी. २८० रुपये पाण्यात, आणि हे शब्दशः.

५ जानेवारी २०२५, रविवार

तिसरी खेप. यंदा कापायचं.

जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल कून यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेनोफोरच्या दोन-पेशी भ्रूणाचे दोन भाग सुटे केले, तेव्हा प्रत्येकापासून अर्धाच डिंभ झाला. आठऐवजी चार रांगा. त्याच सुमारास हान्स ड्रीश यांनी समुद्री साळिंदरात तेच केलं तर प्रत्येक अर्ध्यापासून लहान पण पूर्ण डिंभ. १८९५ मध्ये ड्रीश आणि टी. एच. मॉर्गन, आपल्या बारावीच्या पुस्तकातले फळमाशीवाले मॉर्गन, या दोघांनी मिळून टेनोफोरच्या अंड्यांवरच काम केलं. म्हणजे मोठी माणसं याच ओट्यावर बसून गेली आहेत.

६ जानेवारी, सोमवार

कॉलेजला रजा टाकली. कारण अर्जात "वैयक्तिक".

अंडी ५.१० ला. इन्सुलिनची सुई वापरायची ठरवली होती. मायक्रोस्कोपखाली ती धरली आणि हसू आलं. अंड्यापेक्षा सुई जाड! मुसळाने मोहरी चिरायचा प्रकार. अकरा अंडी चेचली.

मग काचेची केशनळी गॅसवर लाल करून झटकन ओढली, केसाहून बारीक तार निघाली. ती बांबूच्या काडीला नेलपॉलिशने चिकटवली. सात तारा मोडल्यावर आठवी टिकली. पहिली चीर पूर्ण झाली की दुसरी सुरू व्हायच्या आत, म्हणजे दहा-बारा मिनिटांतच, तार त्या खाचेवर आडवी दाबायची. ओढायची नाही, दाबायची. ओढली की पडदा फाटतो आणि दोन्ही अर्धे सांडतात.

एकूण कापली ३१. त्यांत सुईने चेचलेली ११ धरलेली नाहीत. २६ फुटली. पाचांचे दोन्ही किंवा एक अर्धा जिवंत राहिला.

७ जानेवारी

पोहणारे अर्धे दोन. दोन्ही गोल गोल फिरतात, सरळ जात नाहीत. पहिल्याच्या रांगा मोजल्या, पाच. घाम फुटला. ह्यांनी डोळा लावला, म्हणाले चार. पुन्हा वाटी फिरवून मोजल्या तेव्हा कळलं की काठावरची एक रांग मी दोनदा धरली होती. चार. दुसऱ्याच्याही चार.

म्हणजे दोनच पेशी असताना कोणी किती कंगवे करायचे ते ठरून गेलेलं असतं आणि शेजारीण गेली म्हणून कुणी जादा काम उचलत नाही. गंमत अशी की काही जातींचे मोठे टेनोफोर कापले तर ते तुटलेला भाग पुन्हा भरून काढतात. अंड्यात जी मुभा नाही ती मोठेपणी मिळते.

फोटो काढला मोबाइल आयपीसला लावून. धूसर आहे. मोबाइल धरायला स्टँड करा, मी कणकेचा गोळा वापरला आणि तो सरकला.

११ जानेवारी

आख्ख्या डिंभांना यंदा आर्टेमिया नाही. होडीतून आणलेलं पाणी दाट कपड्यातून गाळून त्यातले कोपेपॉडचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कवचधारी जीवांचे, बारके डिंभ दिले. चार दिवस तग धरली, स्पर्शकावर चिकटलेलं सावज तोंडाकडे नेताना दोनदा पाहिलं. पाचव्या दिवशी पाणी बदलायला उशीर झाला, तोंडी परीक्षा होत्या. सकाळी सगळे तळाशी. दोन अर्धे त्याआधीच, नऊ तारखेला गेले होते.

एकूण खर्च साडेपाच हजारांच्या आसपास, त्यात तीन वेळचं डिझेल १,८०० आणि रिफ्रॅक्टोमीटर. वेळ सहा आठवडे, प्रत्यक्ष बघायला मिळालं ते दोन सकाळ.

नाखवांना चार रांगांचा तो धूसर फोटो दाखवला. त्यांनी विचारलं बाकीचे चार कुठे आहेत. मी म्हटलं दुसऱ्याच्या अंगावर.

पुढचा भांग २१-२२ जानेवारीचा. या वेळी बेरोए ठेवून घेणार, स्वतंत्र बरणीत. कपाटाची परवानगी अजून मिळालेली नाही.